कुणाला विचारून सोडलं?

जपानने फुकुशिमाच्या अपघात झालेल्या अणुकेंद्रातलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात केली ती २४ ऑगस्ट २०२३ ला. आपल्याकडे तेव्हा श्रावण चालू होता. त्या वर्षी अधिक श्रावण आलेला, त्यामुळे मिरजेच्या मासळी बाजारात दोन महिने शुकशुकाटच होता. गणपती गेले, माणसं पुन्हा पिशव्या घेऊन दिसू लागली, आणि माझ्या नेहमीच्या मासेवाल्या मावशींनी सुरमईचे तुकडे करता करता मला विचारलं, "बाई, तुमी किरणांच्या दवाखान्यात होता न्हवं? मग खरं सांगा. ते जपानचं पानी रत्नागिरीला यायला किती दिस लागतील? पोरं मोबाईलवर कायबाय दाखवत्यात. गिऱ्हाईक बांगड्याला हात लावंना झालंय."

मी त्यांना सांगितलं, बिनघोर विका. ते पाणी पॅसिफिकमध्ये सोडलंय, आपला माल अरबी समुद्राचा. शिवाय त्यातली बहुतेक द्रव्यं गाळून काढलीत. जे गाळता येत नाही ते ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, तेवढं उरलंय, आणि तेही भरपूर पाणी मिसळून पातळ करूनच बाहेर जातंय. मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं. तुकडे पिशवीत भरले, पैसे घेतले, आणि म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. पर त्यांनी कुनाला इचारून सोडलं?"

मिरजेच्या एका रुग्णालयात मी रेडिएशन सेफ्टी ऑफिसर होते. कॅन्सरच्या रुग्णांना किरण देणारी यंत्रं, त्यातले सोर्स, आमच्या सगळ्यांच्या छातीवरचे, अंगावर किती किरण पडले ते मोजणारे टीएलडी बॅज, आणि शेवटी उरणारा कचरा, हे सगळं माझ्या सहीने चालायचं. त्यामुळे मावशींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला आकड्यांत देता येतं. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र मी पुन्हा वाचायला बसले. कोणत्या सरकारने समुद्रात किरणोत्सारी कचरा कधी टाकला, कोणत्या नियमाने टाकला, कुणी थांबवला. जितकं वाचत गेले तितकी माझी खात्री पटत गेली की त्या बाजारातल्या ओट्यावर मला नेमका प्रश्न विचारला गेला होता.

सुरुवात १९४६ ची. महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं. अमेरिकेने सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या फॅरेलॉन बेटांजवळ आपला कचरा टाकायला घेतला आणि १९७० पर्यंत सुमारे ४७ हजार पिंपं तिथे लोटली. पिंपं म्हणजे आपल्याकडे तेलाची असतात तीच, दोनशे लिटरची, लोखंडी. आत प्रयोगशाळेतले हातमोजे, कपडे, फुटकं काचसामान, गाळ, आणि बुडावं म्हणून काँक्रीट. तरी काही पिंपं बुडायची नाहीत. मग बोटीवरून त्यांच्यावर बंदुकीच्या गोळ्या झाडून ती बुडवायची. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. आतलं आत राहावं यासाठी जे पिंप भरलं, त्यालाच भोकं पाडून ते खाली पाठवायचं! पुढे अमेरिकेच्याच भूवैज्ञानिकांनी तिथला तळ ध्वनिलहरींच्या यंत्राने (सोनारने) तपासायला घेतला, तेव्हा त्या अवाढव्य पट्ट्याचा एक छोटा भागच त्यांना नकाशावर आणता आला. बाकीची पिंपं नेमकी कुठे आहेत ते समुद्रालाच ठाऊक.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने नंतर या साऱ्याची मोजदाद केली. १९४६ ते १९९३ या काळात तेरा देशांनी ऐंशीपेक्षा जास्त ठिकाणी किरणोत्सारी कचरा समुद्रात टाकला. एकूण किरणोत्सार सुमारे ८५ हजार टेराबेक्वेरेल. (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेक्वेरेल, आणि टेरा म्हणजे लाख कोटी.) त्यात सोव्हिएत संघाचा वाटा मोठा, कारण त्यांनी पिंपांवर भागवलं नाही. उत्तर ध्रुवाकडच्या कारा समुद्रात त्यांनी पाणबुड्यांच्या आणि एका बर्फफोड्या जहाजाच्या मिळून १६ अणुभट्ट्या बुडवल्या, त्यातल्या सहांमध्ये वापरलेलं इंधन तसंच होतं. के-२७ नावाची अख्खी पाणबुडी १९८२ मध्ये नोव्हाया झेमल्याच्या एका खाडीत बुडवली, तीही जेमतेम ३३ मीटर पाण्यात. ही माहिती जगाला अधिकृतपणे कळली ती सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९३ मध्ये, अलेक्सी याब्लोकोव यांच्या आयोगाचा अहवाल रशियन सरकारने जाहीर केला तेव्हा. तोवर तिथल्या मच्छीमारांनाही पत्ता नव्हता.

त्या तेरा देशांत भारत नाही, हे आवर्जून सांगते. आणि त्या तेरा देशांत स्वित्झर्लंड आहे, हेही. ज्या देशाला समुद्रच नाही त्याने आपली पिंपं रेल्वेत भरून किनाऱ्यावर धाडली आणि बोटीने अटलांटिकमध्ये सोडली. आपण सांगली-साताऱ्याची माणसं समुद्राचा विषय निघाला की तो कोकणावर सोपवून मोकळे होतो. पण कोयनेचं पाणी वीज करून झाल्यावर बोगद्यातून पश्चिमेला, वाशिष्ठीतून अरबी समुद्रात जातं. आणि आपली कृष्णा महाबळेश्वरला अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगवूनही पूर्वेची वाट धरते आणि सगळं घेऊन बंगालच्या उपसागराला मिळते. आपण दोन्ही समुद्रांना पाणी पाठवतो. सांगलीच्या शेरीनाल्याचं पाणी कृष्णेत मिसळताना पाहिलेल्या माणसाला, खालच्या गावाने काय प्यायचं हे वरच्या गावात ठरतं, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

त्या काळच्या शास्त्रज्ञांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती माणसं बेफिकीर नव्हती. समुद्राच्या पाण्यात मुळातच पोटॅशियम-४० असतं, लिटरला बारा बेक्वेरेलच्या आसपास. महासागर इतका अफाट, खोल पाणी इतकं संथ, की चार हजार मीटर खाली सोडलेलं काही माणसाच्या ताटात यायला शतकं लागतील आणि तोवर ते नगण्य झालेलं असेल, असा त्यांचा हिशेब होता. युरोपातल्या देशांनी ईशान्य अटलांटिकमध्ये दोन लाखांहून जास्त पिंपं टाकली ती याच हिशेबावर. आजपर्यंत त्या जागांवर जी मोजमापं झाली त्यांत माणसाला मोठा अपाय झाल्याचं दिसलेलं नाही, आणि हे मी लपवणार नाही. माझा आक्षेप आहे तो मोजायची सोयच घालवण्याला. एकदा पिंप चार किलोमीटर खाली गेलं की त्याचं झाकण गंजलं का, शिवण उसवली का, हे बघायला कोण जाणार? फ्रेंच शास्त्रज्ञांची एक मोहीम २०२५ च्या उन्हाळ्यात स्वयंचलित पाणबुडी घेऊन गेली आणि तीन हजारांहून अधिक पिंपं तिने तळावर शोधून काढली. शेवटचं पिंप टाकल्याला तेव्हा चाळीस वर्षं उलटली होती.

आता ते थांबलं कसं? मी नोकरीत होते तेव्हा माझी समजूत अशी की कुठल्यातरी परिषदेत शास्त्रज्ञांनी नवा आकडा मांडला असेल आणि सरकारांनी तो मानला असेल. पण कागदपत्रं वेगळंच सांगतात. १९७२ च्या लंडन कराराने फक्त तीव्र पातळीच्या कचऱ्याला बंदी घातली. बाकीचा परवाना काढून टाकायची मुभा राहिली. ती मुभा मोडून काढली ती ज्यांना कुणी विचारलं नव्हतं त्या माणसांनी.

स्पेनच्या गॅलिशियातले मच्छीमार १९८१-८२ मध्ये आपल्या होड्या घेऊन थेट त्या खंदकापर्यंत गेले, जिथे पिंपं पडत होती. ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेची पोरं रबरी होड्या घेऊन बोटीच्या कडेला, पिंप पडतं त्याच्या बरोब्बर खाली जाऊन उभी राहिली. पॅसिफिकमध्ये जपानने १९८० च्या सुमाराला मारियाना बेटांच्या बाजूला आपला कमी पातळीचा कचरा टाकायची योजना आखली होती. बेटांवरच्या लोकांनी विचारलं, इतकं सुरक्षित आहे तर टोकियोच्या खाडीत का टाकत नाही? या प्रश्नाला कुठल्याच अहवालात उत्तर नव्हतं. १९८५ मध्ये जपानला ती योजना गुंडाळून ठेवावी लागली. किरिबाटी आणि नाउरू. नकाशावर भिंग घेऊन शोधावे लागतात असे हे दोन देश. १९८३ मध्ये लंडन कराराच्या बैठकीत त्यांनी संपूर्ण बंदीची मागणी केली. ती लगेच मान्य झाली नाही, पण स्पेनच्या ठरावाने तात्पुरती स्थगिती आली.

त्या स्थगितीलाही ब्रिटन जुमानत नव्हतं. ठराव बंधनकारक नाही, आम्ही टाकणार, असं त्यांचं सरकार म्हणालं. तेव्हा जिम स्लेटर यांच्या नेतृत्वाखालच्या नाविकांच्या संघटनेने सांगितलं, आम्ही ती बोट चालवणार नाही. पाठोपाठ रेल्वे आणि वाहतूक कामगारांच्या संघटना म्हणाल्या, आम्ही पिंपं बंदरापर्यंत आणणार नाही. कचरा तयार, परवाना तयार, बोट तयार, आणि न्यायला माणूसच नाही. त्या वर्षी ब्रिटनचं एकही पिंप समुद्रात गेलं नाही, आणि त्यानंतरही कधी गेलं नाही. सरकारने मग फ्रेड हॉलिडे यांची समिती नेमली आणि तिनेही, नीट तुलना होईपर्यंत पुन्हा सुरू करू नका, असाच सल्ला दिला. मला हा प्रसंग या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा वाटतो. पिंप उचलणाऱ्या हाताला प्रश्न विचारायचा हक्क असतो, हे मी नोकरीत असताना आमच्या वॉर्डबॉयकडून शिकले होते. "मॅडम, यात काय हाय ते सांगा, मग उचलतो," असं तो म्हणायचा, आणि मी प्रत्येक वेळी सांगायची.

शेवटचा धक्का १९९३ च्या ऑक्टोबरात बसला. रशियाच्या टीएनटी-२७ या जहाजाने जपानच्या समुद्रात सुमारे ९०० टन द्रव कचरा सोडला. जपानमध्ये संतापाची लाट उसळली, सरकारने कडक निषेध केला. त्याच्या पुढच्याच महिन्यात लंडन कराराच्या देशांनी सगळ्या पातळीच्या किरणोत्सारी कचऱ्याला समुद्रबंदी केली. २० फेब्रुवारी १९९४ पासून ती लागू झाली. रशियाने ती स्वीकारायला २००५ उजाडलं.

इथे वाचणाऱ्याला वाटेल, झालं, विषय मिटला. मग जपानने २०२३ मध्ये काय केलं?

करारातली व्याख्या बघा. जहाजातून, विमानातून किंवा समुद्रात उभारलेल्या फलाटावरून टाकलं तर ते 'समुद्रात टाकणं'. जमिनीवरच्या कारखान्यातून नळाने सोडलं तर ते टाकणं नव्हे, तो 'विसर्ग', आणि विसर्गावर ज्या त्या देशाचा कायदा. म्हणजे तेच पाणी बोटीत भरून नेलं तर गुन्हा, आणि पाइपलाइन टाकून सोडलं तर परवाना. इंग्लंडमधल्या सेलाफील्ड या अणुइंधन प्रक्रिया केंद्राची पाइपलाइन आयरिश समुद्रात दशकानुदशकं चालू राहिली, फ्रान्समधल्या ला आगची आजही चालू आहे. बंदी येण्याआधी आणि आल्यानंतरही.

सेलाफील्डबद्दल एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. विसर्गाची मर्यादा ठरवताना तिथल्या अधिकाऱ्यांनी शोधलं की या किनाऱ्याचं सगळ्यात जास्त खातं कोण. तर त्या किनाऱ्यावर एक लालसर समुद्री शेवाळ उगवायचं, ते गोळा करून दूर दक्षिण वेल्समध्ये जायचं आणि तिथले लोक ते शिजवून खायचे. म्हणून मर्यादा ठरली ती त्या शेवाळ खाणाऱ्यांच्या ताटावरून. ही पद्धत शास्त्राला धरून आहे, आम्हीही अभ्यासात शिकलो, 'क्रिटिकल ग्रुप' म्हणतात तिला. पण त्या वेल्समधल्या माणसांना, तुमच्या ताटावर आमचा हिशेब बेतलाय, हे सांगून कुणी त्यांचा होकार घेतला नव्हता. १९५८ च्या जिनिव्हातल्या अणुऊर्जा परिषदेत तर तिथल्या अधिकाऱ्याने उघडपणे मांडलं की भरपूर किरणोत्सार समुद्रात सोडण्यामागे तो कुठे कसा जातो हे अभ्यासण्याचा हेतूही होता. प्रयोग म्हणून.

पातळ करून सोडणं हेच मुळात पाप, असं मी म्हणणार नाही. मी ते केलेलं आहे. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी आयोडीन-१३१ पाजलेला रुग्ण वेगळ्या खोलीत ठेवतात. त्याच्या लघवीतून ते औषध बाहेर पडतं. त्या खोलीच्या संडासाचा नळ थेट गटाराला जोडायचा नसतो. तो जातो तळघरातल्या बंद टाकीत. एक टाकी भरली की तिची झडप बंद करायची, तारीख लिहायची, आणि दुसरी उघडायची. आयोडीनची अर्धायु आठ दिवस, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं. ऐंशी दिवस थांबलं तर हजारातला एक भाग उरतो. मग नमुना काढायचा, मोजायचा, आकडा मर्यादेच्या आत असेल तरच झडप उघडायची, आणि रजिस्टरमध्ये आकडा, वेळ, सही. त्या तळघरात कायम फिनेलचा आणि ओल्या सिमेंटचा वास असायचा. झडपेचं चाक फिरवताना मला दर वेळी आठवायचं की हे पाणी इथून नाल्याला, नाल्यातून नदीला जाणार आहे, आणि खाली नरसोबाची वाडी आहे. म्हणून मी मोजणी दोनदा घ्यायची.

कोबाल्ट-६० ला असं थांबून चालत नाही. त्याची अर्धायु सव्वापाच वर्षं. तेवढ्यात सोर्सची ताकद निम्मी होते आणि रुग्णाला टेबलावर दुप्पट वेळ निपचित पडून राहावं लागतं. मग जुना सोर्स परत पाठवून नवा आणायचा. सोर्स म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी पोलादी डबी. तिला न्यायला मात्र शिसं भरलेली कित्येक टनांची पेटी लागते, ट्रक लागतो, क्रेन लागते. पेटीवर पिवळं लेबल, त्यावर आतलं द्रव्य, किरणोत्साराचा आकडा, सगळं लिहिलेलं. तो ट्रक कराड, सातारा, खंबाटकी करत नवी मुंबईला पोचायचा, आणि तिथून सोर्स मिळाल्याची पोच आल्याशिवाय आमची फाइल बंद व्हायची नाही. पोच यायला उशीर झाला तर मला रात्री झोप लागत नसे. ही साखळी तुटली की काय होतं ते दिल्लीच्या मायापुरीने २०१० च्या एप्रिलमध्ये दाखवलं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पडून असलेलं कोबाल्टचं यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं, भंगारवाल्यांनी ते फोडलं, आणि एका कामगाराचा जीव गेला. ज्याने ते फोडलं त्याला आत काय आहे हे कुणीही सांगितलं नव्हतं.

म्हणून माझ्या लेखी कचरा कमी आहे की जास्त, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की आत्ता, या घडीला, तो कुणाच्या सहीवर आहे? समुद्रात टाकायचं धोरण सरकारांना इतकी वर्षं प्रिय का होतं याचं उत्तर मला त्यातच सापडतं. खोल समुद्रात कुणाचा सातबारा नाही. तिथे पोच द्यायला कुणी नाही, तक्रार करायला कुणी नाही. पिंप हातातून सुटलं की सहीही संपली.

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत. पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते. घट्ट मातीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड अरुंद, खाली पोट मोठं, आत हळदीची पोती रचून तोंड बुजवायचं. वर्षानुवर्षं हळद टिकायची. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही, काही तास तोंड मोकळं ठेवतात, मग कंदील खाली सोडून बघतात. कंदील विझला नाही तर माणूस उतरतो. जमिनीत पुरलेली गोष्ट सांभाळायची म्हणजे काय करायचं, ते या हळदीच्या लोकांना ठाऊक होतं: पेव कुणाचं, माल कुणाचा, कधी भरला, सगळं वहीत, आणि उघडून बघायची रीत ठरलेली. २००५ च्या महापुरात कितीतरी पेवांत पाणी शिरलं आणि माल गेला. पण काय गेलं, कुणाचं गेलं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. फिनलंडने ओल्किलुओतोला सव्वाचारशे मीटरहून खोल, पावणेदोनशे कोटी वर्षांहून जुन्या खडकात वापरलेल्या इंधनाचं जे भांडार खोदलंय, त्याबद्दल वाचताना मला हरिपूरच आठवलं. तिथे खोदण्याआधी युराजोकी या गावाला विचारलं. गावाला नकाराचा कायदेशीर हक्क होता, आणि गावाने होकार दिला.

फुकुशिमाकडे परत येते. २०११ च्या त्सुनामीनंतर वितळलेल्या भट्ट्या थंड ठेवायला लागणारं पाणी साठत साठत हजारावर टाक्या झाल्या, तेरा लाख टनांच्या वर पाणी. एप्रिल २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ते सोडायचं ठरवलं. एक किलोमीटर लांबीचा समुद्राखालचा बोगदा, लिटरला १५०० बेक्वेरेलपेक्षा कमी ट्रिटियम, वर्षाला फार तर २२ टेराबेक्वेरेल. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला १० हजार आहे. ला आगमधून दर वर्षी याच्या शेकडो पट ट्रिटियम समुद्रात जातं. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने, हे सुरक्षिततेच्या निकषांना धरून आहे, असा अहवाल दिला. सेफ्टी ऑफिसर म्हणून मला हे आकडे पटतात.

पण २०१५ मध्ये सरकारने आणि वीज कंपनीने फुकुशिमाच्या मच्छीमार संघटनेला लेखी कळवलं होतं की संबंधितांची समजूत पटल्याशिवाय आम्ही या पाण्याची कुठल्याही प्रकारे विल्हेवाट लावणार नाही. मच्छीमार संघटनांचा विरोध शेवटच्या दिवसापर्यंत कायम होता. तरी झडप उघडली. ज्या देशाने १९९३ मध्ये रशियाच्या ९०० टनांसाठी जग हलवलं, त्याने स्वतःच्या कोळ्यांना दिलेला कागद मोडला. चीनने लगेच जपानची सगळी मासळी बंद केली, तो राजकारणाचा भाग, पण फटका बसला त्याच कोळ्यांना. आकडे बरोबर असूनही माणसांशी खोटं वागता येतं. हे मला फार लागतं, कारण आमच्या क्षेत्रातली माणसं आकडा बरोबर आला की आपलं काम संपलं असं मानतात.

आपलं धोरण काय आहे? १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली १९८७ मध्ये किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम झाले. परवानगीशिवाय कुणीही काही टाकू शकत नाही आणि नोंद ठेवावीच लागते. वापरलेलं इंधन आपण कचरा मानत नाही, त्यातून प्लुटोनियम आणि युरेनियम परत काढून घेतो. मागे उरणारा तीव्र कचरा तारापूर, तुर्भे आणि कल्पाक्कमला काचेत ओतून गोठवतात आणि पोलादी डब्यांत सीलबंद करून हवेने गार राहील अशा भांडारात ठेवतात. कमी पातळीचा घन कचरा केंद्राच्या आवारातच काँक्रीटच्या चरांत जातो. हे सगळं मला मान्य आहे, कारण ते ठेवलेलं आहे, टाकलेलं नाही. किनाऱ्यावरच्या केंद्रांचं कमी पातळीचं द्रव मात्र प्रक्रिया करून, मर्यादेत आणून, भरपूर पाण्यात मिसळून समुद्रातच सोडलं जातं. परवान्याने, नळाने.

आणि आता आमच्या घाटाखाली जैतापूर आहे. राजापूर तालुक्यातल्या माडबनला १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट. २०१० च्या नोव्हेंबरात ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी दिली गेली. २०११ च्या एप्रिलमध्ये तिथल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला. साखरी नाटे हे मच्छीमारांचं गाव तेव्हापासून विरोधात उभं आहे. प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही. त्याची वीज इकडे वर घाटावरही येईल, आमच्या पंपांना, कारखान्यांना, दवाखान्यांना. मासळी आत्ताच येते.

मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही. किरणांनी बरी झालेली माणसं मी घरी जाताना पाहिलीत. पण जैतापूरबद्दल बोलताना आमच्याकडची शिकलेली माणसं, कोळ्यांना विज्ञान कळत नाही, असं जे म्हणतात, ते मला सहन होत नाही. साखरी नाट्याच्या माणसाने विचारलेला प्रश्न गॅलिशियाच्या आणि मारियानाच्या माणसांनीही विचारला होता, आणि त्यांच्या विचारण्यानेच जगाचा कायदा बदलला.

कुठल्याही अणुकेंद्राच्या जागी, केंद्र सुरू होण्याच्या आधीपासून, भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा पाणी, माती, मासे, दूध यांचे नमुने घेत असते. ही पद्धत चांगली आहे. तिच्यात मला एवढंच हवंय की माडबनच्या किनाऱ्याची आजची मोजणी, भट्टीची पहिली वीट बसायच्या आत, मराठीत छापून साखरी नाट्याच्या जेटीवर लावावी. बांगड्यात आज सीझियम किती, तिसऱ्या-शिंपल्यांत किती, सुक्या बोंबलात किती. नमुना कोळ्यांनी स्वतः निवडलेल्या जाळ्यातून घ्यावा आणि त्याचे दोन भाग करावेत, एक सरकारी प्रयोगशाळेला, एक गाव सांगेल त्या प्रयोगशाळेला. 'क्रिटिकल ग्रुप' म्हणून ज्यांच्या ताटावर हिशेब बेतणार, त्यांना बोलावून तो हिशेब त्यांच्यासमोर मांडावा. विसर्गाच्या परवान्यावर त्यांच्या ग्रामसभेचा ठराव जोडलेला असावा, आणि नकार देता येत असेल तरच त्याला ठराव म्हणावं.

लंडन करारात एक कलम आहे: समुद्रबंदीचा शास्त्रीय फेरविचार दर पंचवीस वर्षांनी व्हावा. पुढची मुदत २०४४ ची. त्या वेळी पुन्हा कुणीतरी आकडेवारी घेऊन उभं राहील आणि समुद्र अफाट आहे हे पटवून देईल. आज साखरी नाट्याच्या शाळेत बसलेली पोरं तेव्हा होड्यांवर असतील. त्यांच्या समुद्राची वीस वर्षांची मोजणी त्यांच्या स्वतःच्या हातात असायला हवी, आणि त्यासाठी पहिला नमुना याच हंगामात घ्यावा लागेल.